दाढ कापायची किती? पारा, सोनं आणि ऑनलेची गोष्ट

आजच्या भागात ना राजे आहेत, ना लढाया. म्हणजे लढाई आहे, पण ती डेंटिस्ट लोकांमध्ये झालेली आहे. आणि तिचा निकाल तुमच्या-माझ्या दाढेत बसलाय.

आधी आजचा प्रश्न मांडतो. समजा, दाढेला मोठी कीड लागली. डॉक्टर म्हणतात, नुसतं सिमेंट भरून भागणार नाही, भिंती पातळ झाल्यात, चावताना तुटतील. मग कॅप? कॅपसाठी दाढ चहूबाजूंनी घासावी लागते, म्हणजे चांगला भागही जातो. या दोघांच्या मधे एक पर्याय आहे, त्याचं नाव ऑनले. दाढेच्या वरच्या बाजूला जे उंचवटे असतात, ज्यांनी आपण भाकरी चावतो, त्यातले कमकुवत झालेले उंचवटेच तेवढे झाकणारा, तोंडाबाहेर घडवून आणून चिकटवलेला तुकडा. उंचवट्यांच्या आत, खड्ड्यातच बसला तर तो इनले. उंचवट्यावर चढला की ऑनले. सगळी दाढ झाकली की कॅप.

ऐकायला साधं वाटतं. पण इथपर्यंत यायला दोनशे वर्षं लागली, आणि या दोनशे वर्षांत प्रश्न एकच होता: वस्तूला जागा हवी म्हणून दात कापायचा, की दाताला हवा तसा वस्तूचा आकार घडवायचा?

सुरुवात फार जुनी

दात कोरणं हा काही आधुनिक उद्योग नाही. बलुचिस्तानात मेहरगढ नावाचं नवाश्मयुगीन गाव होतं. तिथल्या स्मशानात नऊ माणसांच्या मिळून अकरा दाढा सापडल्या, ज्यांत गारगोटीच्या टोकाने भोकं पाडलेली आहेत. वय साधारण साडेसात ते नऊ हजार वर्षं. २००६ साली ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं. भोकांच्या कडा झिजलेल्या आहेत, म्हणजे ती माणसं त्यानंतरही जगली, त्याच दाढांनी जेवली.

आणि भरण्याचं काय? स्लोव्हेनियात सापडलेल्या एका जबड्यात, साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या सुळ्याच्या भेगेवर मधमाशीचं मेण लावलेलं दिसलं. हे २०१२ साली समोर आलं. मेण माणूस जिवंत असताना लावलं की मेल्यावर, याबद्दल संशोधक सावध आहेत. पण त्या काळच्या कुणाला तरी भेग बुजवावीशी वाटली, एवढं नक्की.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात उडी मारू. कारण मधल्या काळात दात दुखला की बहुतेकांसमोर एकच उपाय होता: उपटणं.

पाऱ्याची लढाई

१८०० च्या पुढेमागे श्रीमंताच्या दातात सोन्याचा वर्ख भरायचे. वर्खाची एकेक घडी खड्ड्यात ठेवायची, दाबायची, ठोकायची. एकेका दाताला तासन् तास. कौशल्य हवं, सोनं हवं, आणि रुग्णाकडे पैसा आणि सहनशक्ती दोन्ही हवं.

मग पॅरिसमध्ये ओग्युस्त ताव्हो याने चांदीच्या नाण्यांचा कीस आणि पारा कालवून लगदा केला. हा लगदा मऊ असतो, कुठल्याही खड्ड्यात दाबता येतो आणि थोड्या वेळात घट्ट होतो. हेच अमाल्गम. आपल्याकडे आजी-आजोबा ‘दाढेत चांदी भरली’ म्हणतात, ती ही.

१८३३ साली क्रॉकूर नावाचे भाऊ हे घेऊन न्यूयॉर्कला पोचले. नाव ठेवलं भारदस्त: ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’. जाहिरात जोरात, पण काम कच्चं. कीड नीट साफ न करताच लगदा भरायचे. सोनं भरणारे डेंटिस्ट चिडले. काही राग रुग्णांच्या काळजीपोटी, काही धंदा बुडेल म्हणून. दोन्ही खरं होतं.

१८४० साली अमेरिकेत दंतवैद्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली होती. तिने १८४३ मध्ये अमाल्गम वापरणं हा गैरव्यवहार ठरवला आणि १८४५ मध्ये सभासदांकडून ‘मी हे कधीच वापरणार नाही’ अशी लेखी शपथ मागितली. न देणाऱ्यांना बाहेरचा रस्ता. गंमत अशी की संघटनाच फुटली. १८५० मध्ये शपथ मागे घेतली, १८५६ मध्ये संघटना बंद पडली. अमाल्गम मात्र उरलं.

का उरलं? कारण ते स्वस्त होतं. ज्याला सोनं परवडत नव्हतं, त्याच्यापुढे आता ‘उपटा’शिवाय दुसरा पर्याय आला. दंतवैद्यकाच्या इतिहासात ही बाजू विसरून चालणार नाही.

ब्लॅकचे नियम

अमाल्गमची अडचण अशी की ते दाताला चिकटत नाही. नुसतं अडकून बसतं. आणि मिश्रण चुकलं तर आकसतं किंवा फुगतं. हा गोंधळ निस्तरला ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक या माणसाने. शाळेचं शिक्षण जेमतेम, पण प्रयोग करण्याची जबर हौस. त्याने मोजमाप करून १८९५ मध्ये आकार टिकवणारं मिश्रण मांडलं, आणि खड्डा कसा कोरायचा याचे नियम घालून दिले. तळ सपाट, भिंती सरळ, पेटीसारखा आकार, पुरेशी खोली. शिवाय आजूबाजूच्या ज्या खाचांत पुढे कीड लागू शकते, त्याही आत्ताच कोरून टाका.

आज हे ऐकून अंगावर काटा येतो, पण तेव्हा फ्लोराइडची टूथपेस्ट नव्हती, कीड परत यायचीच. त्या परिस्थितीत हा शहाणपणाचा हिशोब होता. फक्त किंमत दाढेने मोजली. वस्तू टिकावी म्हणून निरोगी दात कापला गेला.

ही किंमत किती, हे पुढे मोजलं गेलं. १९८९ सालच्या एका प्रयोगात काढलेल्या दातांवर भार देऊन पाहिलं. वरच्या बाजूला साधा खड्डा कोरला की उंचवट्यांचा ताठरपणा सुमारे २० टक्क्यांनी घटतो. तोच खड्डा पुढच्या-मागच्या दोन्ही कडा फोडून आरपार नेला, की ६३ टक्क्यांनी. इंजिनिअर लोकांना हे लगेच कळेल. कड म्हणजे डब्याची आडवी भिंत. ती काढली की उरलेल्या भिंती एका टोकाला धरलेल्या फळीसारख्या वाकतात. दरवेळी चावलं की थोडं वाकतात, आणि वर्षानुवर्षांनी एक दिवस चिवड्यातला शेंगदाणा निमित्त होतो.

म्हणून अशा दाढेवर उपाय म्हणजे भिंतींच्या मधे काहीतरी भरणं नव्हे, तर भिंतींना वरून कवेत घेणं. म्हणजेच ऑनले.

मूर्तिकारांची युक्ती

उंचवट्यावर तंतोतंत बसणारा सोन्याचा तुकडा बनवायचा कसा? उत्तर मोहेंजोदडोच्या नर्तकीइतकं जुनं होतं. मेणाची मूर्ती करा, भोवती माती लिंपा, भट्टीत मेण वितळवून काढा, पोकळीत धातू ओता.

१५ जानेवारी १९०७ रोजी न्यूयॉर्कमध्ये विल्यम टॅगार्ट या डेंटिस्टने हीच पद्धत दातासाठी करून दाखवली. कोरलेल्या दातात मेण दाबून नेमका आकार घ्यायचा, त्याभोवती साचा करायचा, मेण जाळायचं, आणि वितळलेलं सोनं वायूच्या दाबाने आत ढकलायचं. बारीकशी अडचण: सोनं थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. दातात दीड टक्काही खूप झाला. मग पुढच्या काळात साचाच असा बनवला गेला की तापवल्यावर तो तेवढाच फुगेल. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात!

टॅगार्टने पेटंट घेतलं आणि वापरणाऱ्यांवर दावे लावले. तेव्हा कोर्टात पुढे आलं की आयोवा राज्यातल्या फिलब्रूक नावाच्या डेंटिस्टने दहाएक वर्षं आधीच ही पद्धत लिहून ठेवली होती. कुणी फारसं वाचलंच नव्हतं. पेटंट टिकलं नाही, पद्धत सगळ्यांची झाली. सोन्याचे ऑनले पुढे दशकानुदशकं टिकले.

पण मूळ दुखणं कायम होतं. तेव्हाचं सिमेंट म्हणजे गोंद नव्हे, फक्त फट बुजवणारं. तुकडा सुटू नये म्हणून भिंती जवळजवळ समांतर कोराव्या लागत. म्हणजे दात अजूनही वस्तूसाठीच कापला जात होता.

तीस सेकंदांचं आम्ल

वळण आलं १९५५ मध्ये. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात मायकेल बुओनोकोरे याला माहीत होतं की कारखान्यात धातूवर रंग पक्का बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. त्याने तेच दाताच्या एनॅमलवर तीस सेकंद लावलं. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडले, त्यांत प्लॅस्टिकसारखं रेझिन शिरलं आणि घट्ट रुतलं. १९६२ मध्ये राफाएल बोवेन याने मजबूत रेझिनचं पेटंट घेतलं, ज्यातून आजचं दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट आलं. आतल्या ओलसर डेंटिनला चिकटवणं अवघड होतं. ते कोडं १९७० आणि ८० च्या दशकांत जपानी संशोधकांनी बरंचसं सोडवलं.

आता वस्तू अडकवायची गरज उरली नाही, चिकटवता येऊ लागली. ब्लॅकच्या पेटीची सक्ती संपली. किडलेलं तेवढं काढा, उरलेल्याला हात लावू नका.

शेवटचा तुकडा झुरिचमध्ये जुळला. कॉम्पोझिट घट्ट होताना आकसतं, मोठ्या खड्ड्यात कडेला फट पडते. झुरिच विद्यापीठातल्या वेर्नर म्योरमान या डेंटिस्टला वाटलं, तुकडा बाहेरच घडवून मग चिकटवला तर? त्याने मार्को ब्रांडेस्टिनी या इलेक्ट्रिकल इंजिनिअरला गाठलं. तोंडातला छोटा कॅमेरा खड्ड्याचं त्रिमितीय माप घेणार, कॉम्प्युटरवर आकार ठरणार, मशीन सिरॅमिकचा ठोकळा घासणार. १९ सप्टेंबर १९८५ रोजी पहिल्या रुग्णाच्या दातात असा इनले एकाच भेटीत बसला. वरचे उंचवटे त्या पहिल्या मशीनला जमत नव्हते, ते डॉक्टर हाताने घडवायचे. पुढच्या आवृत्त्यांत उंचवटेही आले आणि ऑनलेही. व्हर्जन वन अपुरंच असतं, मंडळी!

मग आज काय?

पूर्ण कॅपसाठी दाढेचा हिरडीबाहेरचा भाग साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश घासला जातो, असं २००२ सालच्या एका मोजणीत दिसलं. ऑनलेसाठी बराच कमी. पण ऑनले म्हणजे प्रत्येक दाढेचं उत्तर नाही. चिकटवायला चांगलं एनॅमलच उरलं नसेल, तर कॅपच योग्य. म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: किती भिंती शाबूत आहेत? उंचवटे झाकायची गरज आहे का? आणि कॅपऐवजी ऑनले जमेल का?

एक गोष्ट मात्र या इतिहासात सुटलेली नाही. पर्यावरणात पारा जाऊ नये म्हणून युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून, अपवाद वगळता, दातांत अमाल्गम भरणं बंद केलं. पाऱ्याच्या बाबतीत ते योग्यच आहे. पण १८४० च्या दशकात भांडण ज्यावरून पेटलं, तो प्रश्न आजही समोर उभा आहे. उपटणं स्वस्त आहे, वाचवणं महाग. सिरॅमिकचा ऑनले अजून सगळ्यांच्या खिशाला झेपत नाही. दात कमीत कमी कापायचा कसा, हे आपण शिकलो. जास्तीत जास्त लोकांचा दात वाचवायचा कसा, ते शिकायचं बाकी आहे.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर ग्रुपवर टाका, विशेषतः त्या मित्राला, जो सहा महिने एकाच बाजूने चावतोय. भेटू पुढच्या भागात!