चष्म्यातला अजिंठा

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या एक चमत्कारिक चष्मा घेऊन घरी आला. नागपूरच्या विमानतळालगत मिहानमध्ये तो नोकरीला आहे. फराळाची ताटे बाजूला सारून त्याने तो चष्मा माझ्या आईच्या डोळ्यांवर बांधला. आईचे वय पंच्याऐंशी. गुडघ्यांमुळे उंबऱ्याबाहेर जाणे बंद झालेले. क्षणभराने ती उद्गारली, "अगबाई! केवढाले हे खांब!" ती अजिंठ्याच्या लेण्यात उभी होती. मान वळवावी तसे लेणेही वळत होते.

याला आभासी वास्तव म्हणतात. ही करामत आजची वाटते खरी. पण वाचकहो, तिचे मूळ जुने आहे. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित निरनिराळ्या बाजूंनी पाहतात. तशी दोन चित्रे दोन डोळ्यांपुढे धरली, की मन त्यांतून एक भरीव वस्तू उभी करते. चार्ल्स व्हीट्स्टन याने इंग्लंडात हे १८३८ साली दाखवून दिले.

अजिंठा या खेळात फार लवकर शिरला. मद्रासच्या सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या नकला करीत होता. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला आणि १८६४ मध्ये त्याने टिपलेली लेण्यांची जोडचित्रे लंडनला पुस्तकरूपाने निघाली. तिकडचा गृहस्थ घरी बसून आपल्या लेण्यांतले खांब पाहू लागला!

गिलच्या रंगीत नकला मात्र लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी पुन्हा त्या भिंतींपुढे बसले. मूळ चित्रे जागेवर होती, म्हणून हे जमले. त्यांच्याही कित्येक नकला १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या.

चष्मा उतरवताना आई म्हणाली, "बाबू, आता आपल्या खापरीचं शिवार दाखव ना रे."

आज मिहानच्या काचेच्या इमारती दिसतात, तिथे माझ्या लहानपणी कपाशी नि तूर डोलत असे. पुतण्या ओशाळला. "आजी, त्याची चित्रं कोणी काढलीच नाहीत."

यंत्र कितीही हुशार असो, आधी कोणीतरी डोळे भरून पाहून टिपून ठेवावे लागते. भाऊबीजेच्या दुपारी आई एकेक बांध, विहीर, बोरीचे झाड सांगत होती आणि पुतण्या वहीत नकाशा काढीत होता. तुमच्याही घरी असे सांगणारे कोणी असेल, तर या दिवाळीत एक वही काढाच.