बेसल पेशी कर्करोग : शस्त्रक्रिया व पुनर्रचना

बाह्यत्वचेच्या तळच्या थरातील पेशींशी साम्य असणारा त्वचेचा कर्करोग. जगभर त्वचेच्या कर्करोगांत हाच सर्वाधिक आढळतो. भारतीयांच्या सावळ्या त्वचेत मात्र गोऱ्या लोकांच्या मानाने पुष्कळ कमी. डब्लिनचे आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये त्याचे वर्णन केले. वर्षानुवर्षे अंगावर घेतलेले ऊन हे मुख्य कारण, म्हणून बहुतेक गाठी चेहऱ्यावर, त्यातही नाकावर व डोळ्यांच्या आसपास येतात. हा रोग शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी कातडी, कूर्चा, शेवटी हाडही कुरतडतो. जीव सहसा जात नाही. चेहरा जाऊ शकतो.

आपल्याकडे गाठ बहुधा काळसर असते व तीळ किंवा मस समजून दुर्लक्षिली जाते. दुखत नाही, त्यामुळे उसाच्या रानात राबणाऱ्याला ती दाखवायची घाई वाटत नाही. चुना लावून मस जाळण्याचा घरगुती उपाय येथे घातकच. वरून खपली धरते, खाली रोग वाढत राहतो. खपली धरून पुन्हा पुन्हा फुटणारी जखम दिसली की तुकडा काढून तपासावा.

छोट्या, कमी धोक्याच्या गाठीभोवती साधारण ४ मिलिमीटर निरोगी कातडी घेऊन ती काढतात. नाक, पापणी, कान येथे एवढी जागा सोडणे जड जाते. तेथे अमेरिकी शल्यविशारद फ्रेडरिक मोझ यांनी १९३०च्या दशकात विकसित केलेली पद्धत उपयोगी पडते : थर काढायचा, कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, रोग उरला असेल तेथूनच पुढचा थर काढायचा. ही सोय सर्वत्र नसते. मग गोठवलेल्या तुकड्याची तपासणी करतात, किंवा अहवाल येईपर्यंत जखम झाकून ठेवतात. कडा मोकळ्या असल्याची खात्री होण्याआधी केलेली सुबक पुनर्रचना ही वाईट शस्त्रक्रियाच होय; रोग नव्या कातडीखाली दडतो.

लहान जखम सरळ शिवता येते. मोठीवर कानामागची कातडी लावतात किंवा गालाची कातडी सरकवून आणतात. नाकाचा मोठा भाग गेला तर आजही मुख्य आधार कपाळाच्या फ्लॅपचा, म्हणजे एका देठाशी जोडलेलीच ठेवून नाकावर वळवलेल्या कपाळाच्या कातडीचा, आणि त्याचा आधुनिक इतिहास पुण्याजवळ सुरू होतो. कावसजी हा इंग्रजी फौजेतील मराठा बैलवाला १७९२च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापले गेले. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. त्याने आधी मेणाचा साचा नाकाच्या खुंटावर बसवला, तो सपाट करून कपाळावर ठेवला व त्याभोवती रेघ मारून कातडी सोडवली. भुवयांमधला चिंचोळा पट्टा तसाच ठेवून ती उलटी फिरवली व काताच्या लेपाने चिकटवली. पट्टा सुमारे पंचविसाव्या दिवशी कापला. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ने हे छापले आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी तेथे ही शस्त्रक्रिया करून दाखवली. सुश्रुतसंहितेत कातडी गालाची आहे; कपाळाची वाट नंतरची. पुण्याच्या त्या कारागिराचे नाव मात्र कोणी नोंदवले नाही.

आजही साचा करतात, टाक्याच्या धाग्याच्या पाकिटातील पातळ पत्र्याचा. भुवईच्या आतल्या टोकाशी वर येणारी रोहिणी फ्लॅपला रक्त पुरवते, म्हणून देठ तीनेक आठवडे जपतात. तेवढे दिवस रुग्ण नाकावर सोंड घेऊन वावरतो, आणि हे त्याला आधीच सांगावे लागते.

कोल्हापूर परिसरातील रुग्णाला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे लोकांचे ‘सीपीआर’, हे जवळचे सरकारी दार. ते राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रियांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. एकदा हा रोग झालेल्याला दुसरी गाठ येण्याची शक्यता अधिक असते, म्हणून जखम भरल्यावरही तपासणीला वर्षानुवर्षे यावे लागते.