राष्ट्रसंघाचें दार आणि दादऱ्याची वाट

एखादें नवें राष्ट्र संयुक्त राष्ट्रसंघांत दाखल झालें, अशी बातमी आपण ऐकतों आणि विसरून जातों. १४ जुलै २०११ रोजीं दक्षिण सुदान हें १९३ वें सभासद झालें. त्यानंतर कोणी आलेलें नाहीं. हा प्रवेश कसा मिळतो, तें सनदेच्या चौथ्या कलमांत सांगितलें आहे. अर्जदार राष्ट्र शांतताप्रिय असावें, सनदेचीं बंधनें त्यानें पत्करावीं, आणि तीं पाळण्याची त्याची शक्ति व इच्छा असावी. सुरक्षा समितीनें शिफारस करावयाची व आमसभेनें दोन-तृतीयांश मतांनीं निर्णय द्यावयाचा. समितींतील पांच बड्या राष्ट्रांपैकीं एकानेंही नकार दिला, कीं अर्ज तेथेंच अडतो. शांतताप्रिय कोणास म्हणावें, याचें माप मात्र सनदेनें दिलेलें नाहीं.

आपल्या देशापुढें हा प्रश्न १९४७ सालीं आला. भारत पारतंत्र्यांत असतांनाच, २६ जून १९४५ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें त्याच्या वतीनें सनदेवर सह्या झाल्या होत्या. फाळणीनंतर तें सभासदत्व कोणाचें? भंडारा येथील श्रोत्यांस घरचाच दाखला देतों. १ मे १९९९ रोजीं त्यांच्या जिल्ह्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा काढण्यांत आला. गोंदियासाठीं नवी कचेरी आली, नवा जिल्हाधिकारी आला; भंडारा मात्र आकारानें घटला तरी भंडाराच राहिला, त्याची कोणी नव्यानें स्थापना केली नाहीं. राष्ट्रसंघाच्या कचेरीनें ऑगस्ट १९४७ मध्यें असाच कौल दिला. भारत तोच जुना सभासद राहिला; पाकिस्तानास अर्ज करावा लागला. ३० सप्टेंबर १९४७ रोजीं तो मंजूर झाला. विरुद्ध मत पडलें तें एकट्या अफगाणिस्तानचें.

पोर्तुगालची गोष्ट इतकी सरळ नाहीं, आणि, श्रोतेहो, आपणां मराठी माणसांस ती अधिक जवळची आहे. १९४६ सालीं त्याचा अर्ज सोव्हिएट रशियानें अडविला. पुढें दोन्ही गट एकमेकांच्या मित्रांस अडवूं लागले. १९५० सालीं इंडोनेशिया आंत आल्यावर पांच वर्षें दार बंदच होतें. ‘अमक्यास घ्याल तरच तमक्यास मत देऊं’ ही अट सनदेंत बसत नाहीं, असा सल्ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानें १९४८ सालींच दिला होता. तरी अखेर तोड निघाली ती सौद्याचीच. १४ डिसेंबर १९५५ रोजीं सोळा राष्ट्रें एकदम घेतलीं गेलीं. नेपाळ व सिलोन हे आपले शेजारी त्यांत होते, आणि पोर्तुगालही होता. अवघ्या चार महिन्यांपूर्वीं, १५ ऑगस्टला, याच पोर्तुगालच्या शिपायांनीं गोव्यांत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडून वीसांहून अधिक जणांचे प्राण घेतले होते. शांतताप्रियतेची कसोटी त्या दिवशीं कोणी लावून पाहिली असेल, असें मला वाटत नाहीं.

सभासद होतांच राष्ट्रास हेगच्या न्यायालयाचें दार उघडतें. पोर्तुगालनें विलंब लावला नाहीं. प्रवेशानंतर पांच दिवसांनीं त्यानें न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि आठ दिवसांनीं, २२ डिसेंबरला, भारतावर फिर्याद गुदरली. विषय होता दादरा व नगर-हवेलीचा. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्यें गोमंतक व महाराष्ट्रांतील स्वयंसेवकांनीं तो मुलूख मुक्त केला होता. आपले संगीतकार सुधीर फडके त्यांपैकींच एक. दमणहून तेथें माणसें धाडण्यास भारतानें वाट दिली नाहीं, आणि ती वाट आमच्या हक्काची, असें पोर्तुगालचें म्हणणें.

पुरावा म्हणून पुढें आला तो १७७९ चा मराठे व पोर्तुगीज यांच्यामधील पुण्याचा तह! त्याच्या निरनिराळ्या प्रतींचा मेळ बसेना, आणि ‘जहागीर’ व ‘सरंजाम’ या शब्दांचा अर्थ परदेशी न्यायाधीशांस हेगमध्यें लावीत बसावें लागलें. भंडाऱ्याकडे मालगुजार गांवाचा वसूल गोळा करी, म्हणून तो त्या गांवचा राजा ठरत नसे, सरंजामाचेंही तसेंच. न्यायालयानें हेंच मानलें. मराठ्यांनीं दिला तो वसुलाचा हक्क, राज्य नव्हे; पोर्तुगीजांचें स्वामित्व मान्य झालें तें मागाहून, इंग्रजी अमदानींत.

भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनीं मांडली. भारतानें नेमलेले न्यायाधीश होते मुंबईचे छागला. १२ एप्रिल १९६० रोजीं निकाल लागला. जुन्या वहिवाटीनें खाजगी माणसें, मुलकी अधिकारी व माल यांस वाट होती. फौज, पोलिस व दारूगोळा यांस नव्हती, असें ८ विरुद्ध ७ मतांनीं ठरलें. वाट रोखण्यांत भारतानें आपल्या कर्तव्याचा भंग केला नाहीं, हें ९ विरुद्ध ६ मतांनीं. एका मतावर लोंबकळलेला हा निकाल आपल्याकडे विजय म्हणून साजरा झाला असेल, तर तो जेमतेमच विजय होता.

११ ऑगस्ट १९६१ रोजीं दादरा व नगर-हवेली रीतसर भारतांत सामील झाली. त्याच डिसेंबरांत भारतीय फौज गोव्यांत शिरली, तेव्हां पोर्तुगालनें सुरक्षा समितीकडे धांव घेतली. ज्या रशियन नकारानें १९४६ सालीं त्याला बाहेर ठेविलें होतें, त्याच नकारानें आतां भारताविरुद्धचा ठराव पडला. गोवा, दमण, दीव, दादरा व नगर-हवेली यांवरील भारताचें स्वामित्व पोर्तुगालनें मान्य केलें, तें लिस्बनमध्यें राज्यक्रांति झाल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या तहानें.