गुणदर्शनाचे सामने आणि खेळाडूंची निवड : मुंबई व विदर्भ यांच्या क्रिकेट-इतिहासातील काही प्रमाणे

(१)

होतकरू खेळाडूने आपले कसब निवड करणाऱ्यांच्या दृष्टीस आणावे, ह्या हेतूने ज्या सामन्यांकडे पाहिले जाते त्यांना प्रस्तुत लेखात ‘गुणदर्शनाचे सामने’ असे म्हटले आहे. अमेरिकेत शालेय बेसबॉल खेळाडूंसाठी असे मेळावे भरविण्याचा स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला असून १९९३ साली आयोवा राज्यात स्थापन झालेली ‘परफेक्ट गेम’ ही संस्था त्यांत अग्रगण्य मानली जाते. मुलगा शुल्क भरतो. त्याच्या चेंडूफेकीची गती यंत्राने मोजली जाते. महाविद्यालयांचे प्रशिक्षक व व्यावसायिक संघांचे पारखी एकाच मैदानावर अनेक मुले पाहून घेतात. अशा मेळाव्यांनी मुलाची निवड खरोखर होते काय, की ज्याची निवड एरवीही झाली असती त्याच्याच यशाचे श्रेय मेळाव्यास मिळते, हा तेथील वादाचा विषय आहे. आपल्याकडे बेसबॉलची परंपरा क्षीण असली तरी हाच प्रश्न क्रिकेटच्या संदर्भात शंभराहून अधिक वर्षे आपल्यापुढे उभा आहे, आणि त्याचा विचार करण्यास पुरेशी ऐतिहासिक प्रमाणेही उपलब्ध आहेत.

ह्या प्रश्नाचे स्वरूप दूरच्या गावावरून पाहिले असता अधिक स्पष्ट होते. नाकाडोंगरी हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशाच्या सीमेनजीकचे गाव. डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणींमुळे हा परिसर परिचित आहे. येथील मुलाने उत्तम चेंडू टाकला तरी तो कोणी पाहावा? मुंबईचा मुलगा लोकलने आझाद मैदानावर उतरतो आणि त्याचा खेळ पाहणारी माणसे तेथे आपोआपच हजर असतात. नाकाडोंगरीच्या मुलाला मात्र प्रथम पाहणारा शोधावा लागतो. तेव्हा सामना भरविणे आणि निवड होणे ह्यांमध्ये नेमके काय असते, हे तपासणे अगत्याचे आहे.

(२)

सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके उदाहरण पाळवणकर बाळू यांचे आहे. १८७६ साली जन्मलेले बाळू पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर मैदानाची कामे करीत आणि सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करीत. नामांकित फलंदाज जे. जी. ग्रेग यांना ते नेटमध्ये नित्य गोलंदाजी करीत असत. ह्या सरावास गुणदर्शनाचा सामना कोणी म्हटले नसते. तथापि त्या काळच्या पुण्यात ह्याहून कठोर परीक्षा दुसरी नव्हती. तिची वार्ता गावात पसरली, आणि युरोपियनांस हरविण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या हिंदू क्लबापुढे पेच उभा राहिला. बाळू चांभार समाजातील होते, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसास संघात घ्यावे की नाही, ह्यावर मतभेद होते. अखेर जिंकण्याच्या गरजेने त्यांना मैदानावर प्रवेश दिला. चहाच्या वेळी मात्र त्यांना वेगळे ठेवण्यात येई.

पुढे मुंबईस आल्यावर ते हिंदूंच्या संघाचे प्रमुख गोलंदाज झाले आणि १९११ साली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघातून त्यांनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. इतके होऊनही हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले नाही. तो मान १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळाला, आणि तोही बऱ्याच वादानंतर. ह्यावरून एक गोष्ट निश्चित होते. गुणाचे दर्शन घडल्याने निवड होऊ शकते. परंतु निवडीची मर्यादा गुणावरून ठरत नाही, ती निवडणाऱ्यांच्या गरजेवरून आणि पूर्वग्रहांवरून ठरते.

(३)

मुंबईतील शालेय क्रिकेटचा इतिहास ह्या दृष्टीने अधिक सविस्तर पाहण्याजोगा आहे. हॅरिस शील्ड ही आंतरशालेय स्पर्धा १८९७ साली आणि लहान वयाच्या मुलांसाठीची जाइल्स शील्ड १९०१ साली सुरू झाली. १९४८ पासून पावसाळ्यात कांगा लीगचे सामने होऊ लागले. ओल्या, बेभरवशाच्या खेळपट्टीवर शाळकरी मुलगा आणि कसोटी खेळाडू एकाच सामन्यात समोरासमोर येऊ लागले. शाळा, क्लब, लीग आणि रणजी संघ अशी ही एकसंध साखळी होती. तिच्यातील कोणत्याही कडीवर उभा असलेला मुलगा वरच्या कडीवरील माणसांच्या नजरेत सहज येई.

ह्या साखळीचे सर्वज्ञात फळ म्हणजे फेब्रुवारी १९८८ मधील हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. ह्या सामन्यानेच सचिनचे भाग्य उजळले, असा सार्वत्रिक समज आहे. कालक्रम मात्र निराळे सांगतो. नोव्हेंबर १९८७ मध्येच, म्हणजे ह्या भागीदारीच्या आधी, त्याचे नाव मुंबईच्या रणजी संघात घेतले गेले होते. अंतिम अकरांत तेवढी जागा मिळाली नव्हती. १९८८ च्या अखेरीस न्यूझीलंडचा संघ भारतात आला असता वानखेडे मैदानाच्या नेटमध्ये त्याने कपिल देव यांची गोलंदाजी निर्धास्तपणे खेळून काढली. ती दिलीप वेंगसरकर यांनी पाहिली आणि त्यास संघात घेतले. डिसेंबर १९८८ मध्ये गुजरातविरुद्ध पहिल्याच रणजी सामन्यात त्याने नाबाद शतक केले. म्हणजे विक्रमाने कीर्ती दिली. निर्णय मात्र एका जाणत्या कर्णधाराने नेटमध्ये घालविलेल्या थोड्या वेळाने झाला. पूर्वी घडले म्हणून तेच कारण मानणे, हा काकतालीय न्याय होय.

त्याच सामन्यात पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला अमोल मुझुमदार फलंदाजीस उतरलाच नाही. १९९३-९४ च्या मोसमात प्रथम श्रेणीच्या पदार्पणात त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा करून तेव्हाचा जागतिक विक्रम केला आणि पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा जमविल्या. तरीही भारताच्या संघात त्याची निवड कधी झाली नाही. त्याच्या काळात मधल्या फळीतील जागा द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांनी व्यापल्या होत्या. दर्शन पुरेपूर घडले, पाहणारेही होते, जागाच नव्हती. (२०२५ साली भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे मुख्य प्रशिक्षक मुझुमदार होते, ही इतिहासाने केलेली वेगळ्या प्रकारची भरपाई म्हणावी लागेल.)

(४)

केवळ आकड्यांवर निवड अवलंबून नसते, ह्याची आणखी दोन प्रमाणे आहेत. १८९९ साली इंग्लंडमधील ए. ई. जे. कॉलिन्स ह्या शाळकरी मुलाने नाबाद ६२८ धावा केल्या; तो प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. त्याचा विक्रम शंभराहून अधिक वर्षांनी, जानेवारी २०१६ मध्ये, कल्याण येथे प्रणव धनावडे याने मोडला. आंतरशालेय सामन्यात त्याने नाबाद १,००९ धावा केल्या आणि तो जगभर गाजला. परंतु त्या खेळीने मुंबईच्या वरिष्ठ संघाचे दार उघडले नाही. प्रतिस्पर्धी दुबळा असेल तर मोठी धावसंख्या पाहणाऱ्यास फारसे काही सांगत नाही. उलट पृथ्वी शॉ याने २०१३ साली हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा केल्या आणि २०१८ साली तो कसोटी संघात पोहोचला. पण ह्या दोहोंमधील पाच वर्षांत तो वयोगटांच्या व रणजीच्या सामन्यांतून सतत पारखला गेला होता. एका दिवसाचे दर्शन आणि अनेक मोसमांचे अवलोकन ह्यांत हा भेद आहे.

(५)

आता विदर्भाकडे वळू. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत खेळत आला. परंतु २०११ पर्यंत त्याच्या एकाही खेळाडूस कसोटी सामना लाभला नव्हता. ही उणीव प्रथम दूर करणारा उमेश यादव हा नागपूरजवळच्या वलनी येथील कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा. मँगनीजच्या पट्ट्यातील वाचकास ही पार्श्वभूमी अपरिचित वाटणार नाही. विशीच्या उंबरठ्यापर्यंत तो टेनिसच्या चेंडूनेच खेळत होता. पोलीस व सैन्य यांतील भरतीचे त्याचे प्रयत्न फसले होते. क्लबचा अनुभव नाही म्हणून महाविद्यालयीन संघात त्यास प्रवेश मिळाला नाही. पुढे क्लबातर्फे खेळताना त्याची गती विदर्भाचे तेव्हाचे कर्णधार प्रीतम गंधे यांच्या ध्यानी आली आणि त्यांनी त्याचा पुरस्कार केला. नोव्हेंबर २००८ मध्ये त्याने रणजी पदार्पण केले आणि तीनच वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, तो दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी खेळला. येथे गुण नवा नव्हता. तो पाहणारा आणि त्याची हमी घेणारा माणूस उशिरा भेटला.

हीच उणीव जाणून भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २००२ साली गुणशोधासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्याचे प्रमुखपद वेंगसरकर यांच्याकडे आले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. लहान केंद्रांतील सामने पाहण्यास माजी खेळाडू पाठविण्यात आले. जमशेदपूरच्या एका सामन्यात प्रकाश पोद्दार यांनी महेंद्रसिंग धोनी यास पाहिले. वय ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेले असतानाही त्याची शिफारस स्वीकारण्यात आली. येथे क्रम उलटला. मुलाने पारख्यांपुढे जाण्याऐवजी पारखी मुलाकडे गेले. विदर्भानेही आपली साखळी बळकट केली. चंद्रकांत पंडित यांच्या प्रशिक्षणाखाली आणि फैज फजल याच्या नेतृत्वाखाली २०१७-१८ व २०१८-१९ असे लागोपाठ दोन वेळा, आणि पुढे २०२४-२५ मध्ये पुन्हा, रणजी करंडक विदर्भाकडे आला. पंडित व पहिल्या दोन विजयांतील फलंदाज वसीम जाफर हे दोघेही मुंबईच्या परंपरेतून आलेले; मुंबईची नजर विदर्भात आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

(६)

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. गुणदर्शनाचे सामने निवडीस साह्य करतात. मात्र त्यासाठी तीन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. प्रतिस्पर्धी तोलाचा हवा, पाहणाऱ्यास निर्णयाचा अधिकार हवा, आणि दर्शनानंतर चढावयाची पुढची पायरी अस्तित्वात हवी. बाळूंना पहिल्या दोन अटी लाभल्या आणि तिसरी अर्धवट. धनावडे यास पहिलीच लाभली नाही. मुझुमदार यास तिसऱ्या अटीने दगा दिला. सचिनला तिन्ही लाभल्या. ह्या अटींपैकी एकही मुलाच्या हाती नसते, त्या संस्थांनी निर्माण करावयाच्या असतात. म्हणून एखाद्या मेळाव्यासाठी शुल्क भरून शहरात जाणाऱ्या मुलाच्या पालकाने प्रथम विचारावे, ते तेथे कोण पाहणार आहे आणि पाहिल्यावर काय करणार आहे. आणि जिल्हा संघटनेने विचारावे, ते आपला माणूस तुमसर-नाकाडोंगरीच्या मैदानावर गेल्या मोसमात किती वेळा गेला. ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर पहिल्याचे उत्तर मुलाच्या पदरी फारसे काही टाकणार नाही.