चौथा नियम आणि उन्हाळ्याची चप्पल



चैत्र संपत आला की आपल्या घरांत दोन खरेद्या निघतात, सुती कपड्यांची आणि मोकळ्या चपलांची. अक्षय्य तृतीयेची वर्षीतपाची पारणी, लग्नं, मुलांच्या सुट्ट्या असं सगळं भर उन्हातच येतं. हल्ली मुली दुकानात जाताना 'सस्टेनेबल' हा शब्द घेऊन जातात. वस्तू कशाची बनली, कशी बनली आणि टाकल्यावर तिचं काय होणार, हे त्यांना आधी कळायला हवं असतं. चांगलंच आहे. पण पायातल्या वस्तूचा इतका विचार आपल्याकडे फार जुना आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. म्हणून हा लेख.

रोज सकाळी आपण जे चौदा नियम धारतो, त्यांत सचित्त, द्रव्य आणि विगय यांच्यानंतर चौथा नियम येतो तो 'वाणह'. काही घरांत त्याला 'पन्नी' म्हणतात. अर्थ एकच, पायातलं. आज दिवसभरात किती जोड वापरायचे, याची मर्यादा. सातव्या व्रताच्या सव्वीस बोलांतही 'उवाणह' आहेच. मूळ संस्कृत शब्द 'उपानह्' आणि आपल्या मराठीतली 'वहाण' त्याचीच लेक. सकाळी घाईघाईत नियम धारताना हा शब्द आपण पटकन उच्चारून पुढे जातो, पण त्याच्यामागे मोठा इतिहास आहे.

साधू-साध्वींसाठी तर पादत्राण नाहीच. दशवैकालिक सूत्राच्या तिसऱ्या अध्ययनात साधूने न करायच्या गोष्टींची यादी आहे, तिच्यात छत्री आणि पायातले जोडे दोन्ही आले आहेत. कारण ईर्या समिती. पुढची साडेतीन-चार हात जमीन पाहत, जीव वाचवत चालायचं, तर पाय उघडाच बरा. त्याच काळातल्या बौद्ध संघाने वेगळा निर्णय घेतला. सोण नावाच्या भिक्षूचे पाय चालून चालून रक्तबंबाळ झाले, तेव्हा बुद्धांनी एका थराच्या तळाचे जोडे घालायला परवानगी दिली. विनयपिटकातल्या महावग्गात चामड्याविषयीचं एक पूर्ण प्रकरणच आहे. आपल्या परंपरेने मात्र ती सूट दिली नाही. वैशाखात डांबरी रस्त्यावरून विहार करणाऱ्या महासतीजींचे पाय आठवा, म्हणजे या निर्णयाची किंमत कळते.

श्रावक-श्राविकांना चप्पल वर्ज्य नव्हती. आणि नटण्याची हौसही काही आजची नाही. सिकंदराबरोबर आलेल्या निआर्कसच्या आधारे एरियन या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलं आहे की हिंदुस्थानातले लोक पांढऱ्या चामड्याचे, नक्षीदार जोडे घालतात आणि उंच दिसावं म्हणून त्यांचे तळ जाड व रंगीत असतात. म्हणजे उंच टाचेचा सोस निदान तेवीसशे वर्षांचा आहे!

आपल्या आचार्यांनी बोट ठेवलं ते चामड्यावर. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त श्रावकाने न करायचे पंधरा धंदे सांगितले. त्यांतल्या दंतवाणिज्यात हस्तिदंताबरोबर केस, नखं, हाडं आणि कातडंही येतं. व्यापारच निषिद्ध, मग ती वस्तू पायात घालून धर्मस्थानी कसं जायचं? मंदिराच्या दाराशी चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स बाहेर ठेवायला सांगतात, त्यामागे हाच विचार.

चामड्याशिवाय चप्पल ही नवीन शहरी फॅशन आहे, असं कुणी म्हटलं तर त्यांना हे जरूर सांगा. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये फोर्ट रॉक गुहेत १९३८ साली झाडाच्या सालीच्या विणलेल्या चपला मिळाल्या. त्या नऊ हजार वर्षांहून जुन्या आहेत. स्पेनमधल्या ग्रॅनडा भागातल्या गुहेत मिळालेल्या गवती चपला सुमारे सहा हजार दोनशे वर्षांच्या आहेत. आर्मेनियाच्या गुहेतला प्रसिद्ध चामडी बूट साडेपाच हजार वर्षांचा. म्हणजे हाती आलेल्या पुराव्यांत वनस्पतीची चप्पलच थोरली! आपल्या देशातही खडावा होत्याच. कुल्लूकडे भांगेच्या दोऱ्याच्या 'पूलां' अजून विणतात, आणि देवळात चामडं चालत नाही म्हणून तिथे त्या घालतात.

पण खडावा घालून बाजारहाट होत नाही, आणि कुल्लूच्या पूलां आपल्या गावात कुठून येणार? आपल्याकडच्या घरांची खरी सोय झाली ती रबराने. चार्ल्स गुडइअर यांनी १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली. त्यातून रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट आले. १९३० च्या दशकात बाटा कंपनीने कोलकात्याजवळ बाटानगर वसवलं आणि कापडी-रबरी बूट साध्या माणसाच्या खिशाला परवडू लागले. शाळेच्या कवायतीचे पांढरे बूट आपण सगळ्यांनी घातले आहेत. नंतर हवाई चप्पल आली, पावसाळी प्लॅस्टिकच्या चपला आल्या, रेक्झिनच्या सँडल आल्या. 'चामडं नाही ना?' एवढं दुकानदाराला विचारलं की आपलं काम भागायचं.

आता मुलींचा प्रश्न इथेच सुरू होतो. त्या म्हणतात, कोल्हापुरी चप्पल बघा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, हाताची शिलाई, वर्षानुवर्षं टिकणारी आणि शेवटी मातीत मिसळणारी. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला आधी कोल्हापूरचं नावही न घेता दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्रभर संताप झाला आणि कंपनीला तिचं मूळ मान्य करावं लागलं. उलट तुमची 'अहिंसक' रेक्झिनची सँडल दोन उन्हाळ्यांत तुटते, कुजत नाही आणि कचऱ्यात जाळली तर विषारी धूर सोडते. मग अहिंसा कुठली?

प्रश्न खोचक आहे, पण खोटा नाही. कारागिरांच्या हाताबद्दल मला आदर आहे, तरी कातडं ते कातडंच. हिरड्याने कमावलं म्हणून ते झाडावर उगवत नाही. शिवाय बाजारातलं बहुतेक चामडं हिरड्याने नाही, क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. कानपूरच्या जाजमऊमधल्या टॅनऱ्यांनी गंगेचं काय केलं, ते सर्वांना माहीत आहे. तेव्हा चामड्याकडे परत जाणं हे उत्तर नव्हे.

पण मुलींचं अर्धं म्हणणं आपल्याच शास्त्रात आहे. पाच समित्यांमध्ये पहिली ईर्या, तशी पाचवी परिष्ठापनिका. साधूने कुठलीही वस्तू परठवायची, म्हणजे टाकायची, तर कुठे आणि कशी, हे तीत येतं. जीवांना त्रास होणार नाही अशी जागा पाहूनच. आपण चप्पल घेताना जीव पाहिला, टाकताना पाहायचा राहिला. वस्तू आली कुठून आणि जाणार कुठे, या दोन्ही टोकांना जयणा हवी.

म्हणून यंदाच्या खरेदीसाठी थोडं व्यवहाराचं.

बऱ्याच बुटांवर आत किंवा तळाला छोटी चिन्हं असतात. युरोपात १९९४ च्या निर्देशाने ती ठरली. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडं. विणीची जाळी म्हणजे कापड. नुसती शंकरपाळी म्हणजे इतर पदार्थ, बहुधा प्लॅस्टिक किंवा रबर. पण कातड्याच्या आकृतीच्या आत शंकरपाळी असेल तर ते वरून थर दिलेलं चामडंच! वरचा भाग, अस्तर आणि तळ अशी तिन्हींची चिन्हं वेगवेगळी पाहा. वर कापड आणि आत चामड्याचं अस्तर असंही असतं.

उन्हाळ्याला सर्वांत छान ताग आणि कापड. तागाच्या वेणीचा तळ आणि वर कॅनव्हास अशा एस्पाद्रिय नावाच्या चपला स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे शेतकरी घालत. १९७० च्या दशकात पॅरिसच्या इव्ह सँ लोराँ यांनी तिला उंच तळ दिला आणि ती फॅशनमध्ये आली. हातमागाच्या साडीखाली ती फार शोभते. फक्त पाण्यात घालू नका, ताग भिजला की फुगतो. रोजच्या चालण्याला सुती कॅनव्हास आणि नैसर्गिक रबराचा तळ घ्या. अननसाच्या पानांच्या 'लेदर'चं नाव ऐकलं असेल. वस्तू चांगली आहे, पण तिच्यावर रेझिनचा थर असतो, म्हणून ती पूर्ण कुजते असं समजू नका. पॉलियुरेथेनचे तळ दमट हवेत न वापरताही भुगा होतात, तेव्हा 'लग्नात घालू' म्हणून कपाटात चार-चार वर्षं ठेवू नका.

कॉमर्स शिकलेली बाई आहे, घसारा काढल्याशिवाय राहवत नाही. समजा, तीनशेची सँडल एक उन्हाळा टिकली, तर वर्षाला तीनशे. बाराशेची शिवलेली चप्पल मोच्याकडे दोनशे रुपये देऊन तळ बदलून पाच वर्षं गेली, तर वर्षाला दोनशे ऐंशी. वाचले वीसच, पण कचऱ्यात पाचाऐवजी एकच जोड गेला आणि कोपऱ्यावरच्या मोच्याला काम मिळालं. चिकटवलेली नव्हे, शिवलेली चप्पल घ्या. शिवलेलीच नीट दुरुस्त होते.

आणि शेवटी संख्या. ताग असो, रबर असो, सोळा जोड घेतले तर कुठलीही चप्पल 'सस्टेनेबल' राहत नाही. आपल्या पूर्वजांनी नियमात जिन्नस लिहिला नाही, मोजणी लिहिली. मी या उन्हाळ्यासाठी तीन जोडांची मर्यादा धारली आहे. एक घरातला, एक चालण्याचा, एक समारंभाचा. नवा आणायचा तर जुना दुरुस्तीपलीकडे गेल्यावरच. उद्या सकाळी नियम धारताना 'वाणह' शब्दाशी क्षणभर थांबा आणि दाराजवळचा चपलांचा स्टँड एकदा मोजून पाहा. मुलींनाही सोबत घ्या. त्यांना जे हवं आहे, ते आपल्या चौथ्या नियमात आधीपासून आहे.