पन्नास वाव आणि चुकलेली वेळ

काही लाखांचं नवं यांत्रिक डायव्हिंग घड्याळ बाजारात आलं की जाहिरातीत दोन शब्द हमखास असतात : ‘नौदलाचा वारसा’. हा वारसा नेमका कशाचा, हे समजून घ्यायला दिघीच्या धक्क्यावर उभं राहावं. समोर राजपुरी खाडीच्या तोंडाशी जंजिरा दिसतो. त्याच्या पलीकडे, मुरूडसमोरच्या पाण्यात, शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग.

१६७६च्या सुमाराची गोष्ट. मोरोपंत पिंगळे सिद्दीच्या जंजिऱ्यावर चालून आले होते. बेत असा, की पद्मदुर्गावरच्या लाय पाटलाने साथीदारांसह रात्री तटाला शिड्या लावायच्या आणि मागून मोरोपंतांच्या माणसांनी चढायचं. शिड्या लागल्या. पण माणसं वेळेवर आलीच नाहीत. उजाडू लागलं, तसा पाटील शिड्या काढून परतला. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली. दर्यावरच्या माणसाला पालखी कशाला, असं म्हणून त्याने ती नाकारली. मग ‘पालखी’ नावाचं गलबतच त्याला मिळालं, असं सांगतात. जंजिरा मात्र १९४८पर्यंत सिद्दींकडेच राहिला.

धाडस कमी पडलं नव्हतं. अंधारातल्या दोन तुकड्यांची वेळ जुळली नाही.

कोकणातल्या कोळ्यांना वेळेचं गणित येत नव्हतं असं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते : चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. होडी कधी काढायची, हे त्यावरून कळतं. पण तटाखाली ताटकळणाऱ्याला ‘अजून किती मिनिटं?’ हे त्यातून कळत नाही.

नेमकी हीच अडचण १९५२मध्ये फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांपुढे होती. रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो या अधिकाऱ्यांना काळी तबकडी, अंधारात चमकणारे ठळक आकडे आणि भोवती फिरणारी कडी असलेलं घड्याळ हवं होतं. ब्लांपांने १९५३मध्ये ते बाजारात आणलं. नाव ‘फिफ्टी फॅदम्स’. फॅदम म्हणजे आपली वाव, पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर.

बुडी मारताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. पुढे किती मिनिटं गेली ते कडीवर वाचायचं. आजच्या घड्याळांत ही कडी उलट्या दिशेनेच फिरते. धक्का लागून सरकली तर गेलेली मिनिटं जास्त दिसतात, कमी नाही; माणूस लवकर वर येतो, पण हवा संपून अडकत नाही.

आता पाण्याखालचं हे काम डाइव्ह कॉम्प्युटर करतो. महागडी घड्याळं बहुतेक कोरड्या मनगटावरच राहतात. त्यात गैर काही नाही. फक्त जाहिरातीतला खोलीचा आकडा वाचताना एवढं लक्षात असू द्या, की ही कडी आणि हे चमकणारे आकडे अंधारात कुणाची तरी वाट पाहणाऱ्या माणसासाठी घडले आहेत. तसाच एकजण दिघीसमोरच्या या पाण्यात, हातात शिड्या घेऊन, पहाटेपर्यंत थांबला होता.