परळची गाय

१९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली आणि शहरातल्या तबेल्यांतल्या म्हशी तिकडे जाऊ लागल्या. परळला एक गाय मात्र त्यानंतर आली. जेरबाई वाडिया रस्त्यावर टाटा रुग्णालयाच्या इमारतीत १९६३ साली अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. अशा विभागांत ‘गाय’ म्हणजे शिशाच्या जाड कवचातलं एक लहानसं भांडं. त्यात मॉलिब्डेनम-९९ असतं. रोज सकाळी त्याचं दूध काढतात, म्हणजे त्यातून टेक्नेशियम वेगळं करतात. हाडं, हृदय, मूत्रपिंडं, थायरॉइड यांची चित्रं गॅमा कॅमेऱ्यावर उमटतात ती या दुधामुळे.

कुळ शोधायचं तर आईपासून सुरुवात करू. मॉलिब्डेनम-९९ च्या अणुगर्भात ४२ प्रोटॉन आणि ५७ न्यूट्रॉन. हा जमाव टिकाऊ नाही, न्यूट्रॉन जास्त झालेत. मग एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो आणि एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. हाच बीटा क्षय. आई ६६ तासांत निम्मी होते, आणि ४३ प्रोटॉनची लेक जन्माला येते.

लेकीची ओळख आधीची. १९३७ साली पालेर्मोत सेग्रे आणि पेरिये यांना ४३ क्रमांकाचं मूलद्रव्य सापडलं, तेही लॉरेन्सने बर्कलीहून पाठवलेल्या मॉलिब्डेनमच्या पट्टीत. निसर्गात न मिळता माणसाच्या हातून घडलेलं म्हणून त्याचं नाव ग्रीक शब्दावरून टेक्नेशियम पडलं. पुढच्याच वर्षी सेग्रे आणि सीबोर्ग यांना लेकीचं जास्तीच्या ऊर्जेवर अडून बसलेलं रूप दिसलं. वैद्यकात येण्याची कथा तर गमतीची आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत टकर आणि ग्रीन टेल्युरियमपासून आयोडीन काढत होते. आयोडीनमध्ये सतत एक भेसळ येई. तीच टेक्नेशियम निघाली. १९६० मध्ये पॉवेल रिचर्ड्स यांनी तिचा वैद्यकीय उपयोग सुचवला. दुधातली भेसळच दुधापेक्षा मोलाची ठरण्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

पण ही लेक अडून का बसते? खरी गोष्ट इथे आहे. बीटा क्षय ऊर्जेच्या वाटेल त्या पायरीवर उतरत नाही. आई आणि लेकीच्या फिरकीत (स्पिनमध्ये) फार फरक असेल, तर ती वाट जवळपास बंद असते. मॉलिब्डेनम-९९ ची फिरकी १/२, टेक्नेशियम-९९ च्या तळाच्या पायरीची ९/२. म्हणून शंभरातले सुमारे ८८ क्षय शेवटी १४३ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टवरच्या, १/२ फिरकीच्या पायरीवर येऊन थांबतात. त्रेचाळिसावा प्रोटॉन चुकीच्या कक्षेत बसलेला असतो. खाली जायला त्याला एका उडीत किमान तीन एककं फिरकी टाकावी लागते, आणि पहिली उडीही जेमतेम दोन किलोइलेक्ट्रॉन व्होल्टची. साधारणपणे अशी पायरी सेकंदाच्या अब्जाव्या भागात रिकामी होते. इथे निम्मे अणुगर्भ उतरायला सहा तास लागतात. उतरताना जो १४० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅमा किरण निघतो, तो कॅमेऱ्याला मानवतो. म्हणजे कोणती वाट खुली, कोणती बंद, किती वेळ लागला, हे मोजलं की गर्भात कोण कुठे बसलंय ते कळतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बी. व्ही. ठोसर यांच्या गटाने हेच बीटा-गॅमा वर्णपट वाचण्याचं काम अनेक वर्षं केलं. इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळवायचा, किती वळला त्यावरून ऊर्जा काढायची, बरोबर कोणता गॅमा आला ते नोंदायचं. रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच शहरात, पण एकाचं औषध दुसरीचं कोडं असतं.

अणुगर्भातली न्यूट्रॉनची गर्दी आणखी वाढवली तर? जपानच्या रिकेन संस्थेतल्या गटाने २०११ साली क्रिप्टॉनपासून टेक्नेशियमपर्यंतच्या ३८ अतिशय न्यूट्रॉनबहुल समस्थानिकांची अर्धायुष्यं, म्हणजे निम्मं होण्याचे काळ, प्रसिद्ध केली. त्यांतली १८ पहिल्यांदाच मोजली गेली होती. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं ताऱ्यांच्या उत्पातांत कशी घडली, याचा हिशेब या आकड्यांवर चालतो.

इकडे भारतात ही गाय बराच काळ दोहली नाही, घुसळली. ट्रॉम्बेत मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉनचा मारा करून आई तयार करायची, आणि तिच्या द्रावणात मिथिल इथिल कीटोन टाकून हलवलं की टेक्नेशियम वरच्या थरात लोण्यासारखं येतं. पुढे ॲल्युमिनाच्या नळ्या आल्या. त्यांतून मिठाचं पाणी सोडलं की लेक सुटून येते, आई चिकटून राहते. सकाळी दहाला काढलेलं दूध दुपारी चारला निम्मं, रात्री दहाला पाव. तोवर नळीत नवीन साचत असतं. तेवीस तासांनी ते भरात येतं.